पोटातल्या बाळाला दुखतं का?

"पाणी पिवळं आलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या हातात काचेची लहानशी बाटली होती. माझ्या पोटात सुई घालून काढलेलं, बाळाच्या भोवतीचं पाणी होतं ते. त्याला उजेड लागू द्यायचा नसतो, म्हणून नर्स काळा कागद घेऊन उभी होती. कागद गुंडाळण्याआधी मॅडमनी बाटली क्षणभर खिडकीकडे धरली, तेव्हा मलाही रंग दिसला. पातळ चहासारखा.

या तपासणीला अ‍ॅम्निओसेंटेसिस म्हणतात. पाणी पिवळं असलं तर बाळाच्या रक्तातल्या पेशी आतल्या आत फुटतायत असं समजायचं. माझं रक्त आरएच निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. माझं शरीर त्याच्या रक्ताला परकं समजून मारत होतं. मॅडमनी हे सगळं हळू आवाजात समजावलं. मला काहीच वाटलं नाही. पंख्याच्या रेग्युलेटरवर एकचा आकडा पुसट झाला होता, तेवढं आठवतं.

सहावा महिना संपत आला होता.

माझी पहिली मुलगी अश्विनी माहेरी, कणकवलीजवळच्या गावात, घरीच झाली. तिच्या वेळी सगळं सुरळीत झालं. पण निगेटिव्ह रक्ताच्या बाईला पॉझिटिव्ह बाळ झालं, तर तीन दिवसांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका असतो. माझा रक्तगटच कुणी तपासला नव्हता. दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात बाळाचं हलणं थांबलं. कांजूरमार्गजवळच्या एका प्रसूतिगृहात मेलेलं मूल झालं. ते सुजलेलं होतं म्हणे. मला दाखवलं नाही. सासूबाईंनी पाहिलं. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत.

म्हणून या तिसऱ्या खेपेला आमच्या डॉक्टरांनी मला अंधेरीच्या बाजूच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. घाटकोपरहून बस पकडायची, आठला रांगेत उभं राहायचं, नंबर बाराला लागायचा. माझ्या मिस्टरांची मिलमधली नोकरी गिरणी संपात सुटली होती आणि नव्या नोकरीत रजा मिळत नव्हती. त्यामुळे सासूबाई सोबत यायच्या. चाळीत मात्र बायकांना एकच वाटलं. "पाणी काढलं ना? मग काय गं, मुलगा की मुलगी?" शेजारच्या वहिनींनी विचारलं. त्या दिवसांत पाणी काढायचं ते त्यासाठीच, असा सगळ्यांचा समज होता. मी म्हटलं, "ते नाही विचारलं." त्यांना ते खोटं वाटलं.

आठवड्याने मॅडमनी उपाय सांगितला. आईच्या पोटातून लांब सुई बाळाच्या पोटात घालायची आणि तिथे ओ निगेटिव्ह रक्त हळूहळू सोडायचं. बाळाचं शरीर ते शोषून घेतं. याला इंट्रायूटेराइन ट्रान्सफ्यूजन म्हणतात, म्हणजे गर्भातच रक्त देणं. एकदा देऊन भागत नाही, दर दोन आठवड्यांनी द्यावं लागतं. सुई टोचतानाच बाळ जाऊ शकतं. काहीच केलं नाही, तर बहुतेक जाणारच.

मी मान हलवली. सही कुठे करायची, एवढंच विचारलं.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. डॉक्टरांसमोर त्या कधी तोंड उघडत नसत. "बाय, पोटातल्या पोराक दुखतला काय ओ?"

मॅडमना मालवणी कळत नव्हतं. मी सांगितलं, "बाळाला दुखेल का, विचारतायत."

तिथे दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्यातला एक हसून म्हणाला, "अहो आजी, त्याला काय कळतंय? मेंदू तयार व्हायचाय अजून."

मॅडम हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून सासूबाईंकडे वळल्या. म्हणाल्या, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. सुई लागली की बाळ अंग आखडतं, हृदयाचे ठोके वाढतात. सोनोग्राफीत दिसतं ते. पण नुसता धक्का लागला तरी बाळ असंच करतं. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो ना, तसंही असेल. दुखणं मोजायचं तर विचारावं लागतं, आणि त्याला विचारता येत नाही."

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"आधी आईला गुंगीचं औषध देतो. त्यातलं थोडं बाळाला पोचतं. खरं तर त्याने हलू नये म्हणून देतो. पण दुखत असेलच, तर जरा कमी दुखेल."

घरी गेल्यावर सासूबाई भात टाकता टाकता म्हणाल्या, "तुझा तू ठरव गो. पण आपल्याक पोर व्हया म्हणून तेका टोचूचा... माका झेपणा नाय." मागच्या खेपेचं बाळ त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. मिस्टर म्हणाले, "तुला जमेल तसं." अश्विनी पाढे म्हणत होती. मी तिच्याकडे बघत बसले. टोचावं असंही वाटेना, टोचू नये असंही वाटेना. शेवटी ठरवलं ते एवढ्यासाठी, की नाही म्हटलं असतं तर बाळाचं हलणं थांबायची वाट बघत घरात बसावं लागलं असतं. ते मी एकदा केलं होतं.

पहिलं ट्रान्सफ्यूजन मला नीटसं आठवत नाही. गुंगी होती. रक्त बोरिवलीच्या कुणा अनोळखी माणसाने दिलं होतं. निगेटिव्ह रक्तासाठी इस्पितळाने निरोप पाठवला आणि तो कामावरून तसाच आला. मी त्याला कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या वेळी औषध कमी चढलं. सोनोग्राफीचा पडदा माझ्या बाजूला वळलेला होता. करड्या रंगाचे नुसते ठिपके, पण एव्हाना मला डोकं, पाठ, मांडी ओळखता यायला लागली होती. सुईची पांढरी रेघ खाली आली. बाळाने पाय पोटाशी घेतला आणि पाठ वळवली. रेघ पुन्हा आली. ते पुन्हा सरकलं. पाठीमागे जागाच नव्हती.

"थांबा," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "थांबा ना! सरकतंय ते."

शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "बाई, हलू नका, प्लीज." पण मॅडमनी हात उचलला. सुई मागे घेतली. नर्सला औषध वाढवायला सांगितलं आणि स्टूल ओढून बसल्या. "त्याला झोपू दे," म्हणाल्या. बाहेर रांग होती, कुणीतरी दोनदा दार वाजवलं. त्या पडद्यावरच्या ठोक्यांकडे बघत बसल्या. बऱ्याच वेळाने बाळाचा पाय सैल होऊन खाली आला. मग त्यांनी सुई घातली. या खेपेला ते हललं नाही.

गुंगीमुळे हललं नाही, की दुखलं नाही म्हणून हललं नाही, हे त्यांना सांगता आलं नसतं. मी विचारलंही नाही. पण तिसऱ्या वेळी त्यांनी आपणहून आधी वाट पाहिली. शिकाऊ डॉक्टरही घड्याळाकडे बघत उभा राहिला.

चौतिसाव्या आठवड्यात सिझेरियन करून बाळ काढलं. मुलगी. पिवळी, हडकुळी. तिला लगेच काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली ठेवलं. नाळेतून तिचं रक्त काढून दुसरं भरलं, दोन वेळा. याला एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन म्हणतात, म्हणजे रक्ताची अदलाबदल. रोज सकाळी कावीळ मोजायला तिच्या टाचेला टोचायचे. ती तोंड वेडंवाकडं करून रडायची, आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. सासूबाई काचेबाहेरून "गप, गप, झाला" करत. मी दूध काढून वाटी नर्सच्या हातात देई आणि कॉटवर परत येई. "तुम्ही बघायला थांबत नाही?" नर्सने एकदा विचारलं. मूल वाचलं होतं, लोक पेढे मागत होते आणि माझ्या अंगात कापूस भरल्यासारखं झालं होतं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली आणि आतून काहीच वाटलं नाही, तर आपण वाईट आई आहोत असं समजू नका. आणि पहिल्याच खेपेला रक्तगट तपासून घ्या. डॉक्टरांना विचारायचं ते विचारा, शिकाऊ पोरं हसली तरी. मी त्या इस्पितळात पुष्कळ माहिती ऐकली, पण मला आधार झाला तो "मला माहीत नाही" या शब्दांचा. ज्याला माहीत नसतं तो जपून हात लावतो.

घरी आणल्यावर आम्ही बारसं केलं नाही. कुणी विषयही काढला नाही. अश्विनी तिला "बाळ" म्हणायची, आम्हीही तेच.

तिसऱ्या महिन्यात तपासणीला गेलो. कावीळ गेली होती, वजन वाढलं होतं. मॅडमनी तिला उताणी करून पोट चाचपलं, तर तिने त्यांचं बोट धरलं आणि सोडेना. त्या तशाच एका हाताने कागदावर लिहीत राहिल्या. "आता लहान मुलांच्या ओपीडीत दाखवा," म्हणाल्या. "माझं काम संपलं."

त्या ओपीडीच्या खिडकीवर कारकुनाने जुना कागद पाहिला. त्यावर 'बेबी ऑफ शुभांगी' एवढंच होतं. "नवीन केसपेपर करायचाय," तो म्हणाला. "नाव काय मुलीचं?"

मागे रांग होती. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"स्नेहल," मी म्हणाले.

त्याने लिहून घेतलं आणि कागद सरकवला. सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं. "कदी ठरवलंस गो?"

"आत्ताच."

व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. स्नेहल माझ्या मांडीवर जागी होती. मला एकाएकी रडू फुटलं आणि थांबेना. येणारेजाणारे बघत होते, कुणाला वाटलं असेल मूल फार आजारी आहे. सासूबाईंनी पोरीला अलगद स्वतःकडे घेतलं, पिशवी दुसऱ्या खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "रड. घाटकोपरची बस खय पळान जाणा नाय."