वरोऱ्याचे सर्व्हरवाले चाचा

वरोऱ्याच्या नूरुद्दीनचाचांकडे आता घड्याळ घेऊन कोणी येत नाही. येतात ती गेम खेळणारी पोरं. मोबाइलनं घड्याळदुरुस्तीचा धंदा बुडवला, पण हा माणूस रडत बसला नाही. पंचावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकला, बाप्पा! मोठ्या कंपन्या सर्व्हरमधून काढून टाकतात ते प्रोसेसर चाचा मागवतात, त्यांना चालणारा बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड घालतात आणि साध्या घरच्या पोरांना परवडेल असा गेमिंग डेस्कटॉप उभा करतात.

गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य ठरलेलं. “हा प्रोसेसर जुना हाय. कुठीतरी वर्षानुवर्षं राबून आला. नव्यावानी पळत नाई, पण दम लय हाय. पटत असन तं घे, नाई तं नागपूरचा रस्ता मोकळा हाय.” असं तोंडावर सांगणारा दुसरा दुकानदार दाखवा बरं!

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी गोंडपिपरीची दिव्यानी आली, डेस्कटॉप पोटाशी धरून. मागं तिचा थोरला भाऊ प्रवीण, मान खाली. रविवारी चंद्रपुरात गेमच्या स्पर्धेचा अंतिम सामना. मशीन ज्याचं त्यानं आणायचं, आणि हिचं तर सुरूच होईना.

चाचांनी प्रोसेसर उचलला आणि कपाळावर हात मारला. खाली बोर्डावरच्या केसाएवढ्या पिनांत कापूस अडकला होता!

“गरम होत होतं म्हणून मी प्रोसेसरवरची थंडाव्याची पेस्ट बदलवली,” प्रवीण पुटपुटला. “थोडी खाली सांडली, तं घरच्या कापसानं पुसली. मऊ असते ना चाचा.”

“मऊ असते म्हणे! अबे, तो पिना ओढते! तू बाहेर बस.”

नवा बोर्ड यायला आठ दिवस. वाकलेल्या सात पिना सरळ करणं एवढाच उपाय उरला. चाचांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं, बारीक चिमट्यानं कापूस वेचला आणि पहिल्या पिनेला हात घातला. मोतीबिंदूनं सगळं धुरकट दिसत होतं. चिमटा घसरला आणि शेजारची चांगली पिन वाकली.

चाळीस वर्षं ज्या हातानं पोट भरलं, त्याची चाचांना लाज वाटली. एखादी मोडलीच तर पोरीचा रविवार गेला. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

“पोरी, मले दिसत नाई. तू बस.”

“मी? मले नाई जमणार चाचा!”

“मी हावो ना. श्वास सोड, मग हात लाव. जोर नको लावू, नुसता हलका रेटा दे. घाई केली तं मार खाशीन.”

दोन तास दोघं त्या पिनांपाशी बसले. आठवी पिन सरळ झाली तेव्हा दिव्यानीची ओढणी घामानं चिंब होती. प्रोसेसर बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळली आणि गेम सुरू झाला. पोरगी आनंदानं ओरडलीच.

प्रवीण धावत आत आला आणि थेट पाया पडायला वाकला. “चाचा, तुमच्या हाताले तोड नाई!”

चाचा गप्प राहिले असते तर बाहेर बसलेल्या प्रवीणला काय कळलं असतं?

चाचांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं. “माह्या हातानं तं एक पिन उलटी बिघडली बे. हे सारं तुह्या बहिणीनं केलं. पाया पडाचं असन तं तिच्या पड.”