निरंक

वसंत गेल्याचं मला खोपटच्या एसटी स्टँडवर कळलं. आमच्या खात्यातला एक जुना सहकारी भेटला. म्हणाला, "तुला माहीत नाही? महिना होईल आता. छातीत कळ आली आणि..." मला आधी वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. पण हे लिहिलंच पाहिजे.

आम्ही दोघं कल्याणात हिवताप खात्यात होतो. मी बी.एस्सी., तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, दहावी नापास. पण टाकीतल्या डासांच्या अळ्या पाहून तो क्षणात सांगायचा, "ही पाण्यावर आडवी निजलीय ना, ती मलेरियाची. ती उलटी लटकलेली वेगळी." मला पुस्तक उघडावं लागे. आमचे डॉक्टर चारचौघांत म्हणायचे, "वसंता, तू खात्याचा डोळा!" मी शेजारीच उभा असायचो.

आमच्याकडे रिवाज असा, की थंडीत टाक्या न उघडताच तक्त्यात 'निरंक', म्हणजे अळ्या नाहीत, असं लिहायचं. थंडीत डास मंदावतो, त्याच्या अंगातला तापाचा जंतूही पिकत नाही. वसंत मात्र डिसेंबरातही शिडी लावायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला असाच एकदा तो मोहन्याच्या चाळींमधून आला. "अरे, टाक्या भरल्यात अळ्यांनी! थंडी राहिलीय कुठे? ऋतूच सरकलाय. सायबांना कळव."

हे वाचून डॉक्टर पुन्हा वसंतला काय म्हणतील, ते मला आधीच ऐकू येत होतं. एकत्रित तक्ता मीच करायचो. वसंतच्या नोंदीच्या जागी मी 'निरंक' लिहिलं. टाक्यांत औषध पडलं नाही. फेब्रुवारीत चाळींमधून ताप पसरला, आणि वसंत घरोघर बोटं टोचून रक्ताचे नमुने घेत फिरला. मला त्याने एकदाही काही विचारलं नाही...

परवा त्याच्या घरी गेलो. भिंतीवर एकाच खिळ्याला कितीतरी वर्षांची कॅलेंडरं टांगलेली.

"थंडी पडून पेटीतून गोधडी कधी काढली, ते लिहायचे," वहिनी म्हणाल्या. "दर साल उशीरच."

खरंच, दिवाळीजवळची तारीख सरकत सरकत नाताळापर्यंत गेली होती. तिथे बसूनही मला हेवाच वाटला, की हे मला का सुचलं नाही?

"ते बोलायचे, मोहन्याचं भावजींनी वर कळवलेलं, वरच्यांनीच दाबलं. भरवसा होता तुमच्यावर."

"वहिनी, वर काही गेलंच नव्हतं. मीच खोडलं. मला त्याचं कौतुक बघवत नव्हतं."

त्या उठून भिंतीपाशी गेल्या. मग यंदाचं कॅलेंडर काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. डिसेंबरचं पान कोरं होतं.

"गोधडी अजून पेटीतच हाय," त्या म्हणाल्या. "आता तरी खरं लिहा."