मास्तरांचे लाल गोल

बार्शीहून निघाले तेव्हा धाकटी बहीण सुमन रिक्षाला धरून चालत होती. रिक्षाने वेग घेतला तशी थांबली आणि ओरडली, "अक्का, सहाच महिने ना गं?" मी मान हलवली. शेजारी बसलेला माझा मुलगा संदीप म्हणाला, "हो मावशी, सहाच महिने." तेव्हा माझी नात इरा रांगतसुद्धा नव्हती. आता ती शाळेत जाते.

इथलं, परदेशातल्या पापाकुरातलं संदीपचं घर चांगलं आहे. संदीप कॉम्प्युटरच्या ऑफिसात आणि सून प्राजक्ता हॉस्पिटलात नर्स, दोघंही सकाळीच निघतात. थंडीमुळे खिडक्या बंद असतात. रस्त्यावर माणूस दिसत नाही, नुसत्या गाड्या जातात. ड्राइव्हवेवर उभी राहिले की समोरचा गोरा हात वर करून "किया ओरा" म्हणतो, म्हणजे इथला नमस्कार. तेवढं मीही म्हणते. त्यापुढे मला काही येत नाही, म्हणून आत येऊन दार लावते. इराला विचारलं, "शाळेत काय केलं गं?" तर ती म्हणते, "हीप्स ऑफ थिंग्ज, आजी." मी चौथी शिकलेली. हसते आणि तिचा डबा घासायला घेते.

प्राजक्ता मनाने चांगली आहे. "आई, काही हवं असेल तर मोकळेपणाने सांगा हं," म्हणते. पण मला सांगता येत नाही. लहानपणी मी गप्प बसले की आई म्हणायची, "हिला तोंड दिलंय ते फक्त जेवायला." सहा महिन्यांचं वर्ष झालं, मग दुसरं गेलं. परत कधी जायचं हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. मला वाटायचं, पोटचा मुलगा आहे, त्याला माझ्या तोंडावरून कळत असेल.

गेल्या वर्षी इराला शाळेत सोडून परतताना पाऊस आला, म्हणून जवळच्या हॉलच्या दाराशी उभी राहिले. आत चिनी म्हातारी माणसं ब्रशने अक्षरं काढत होती. कोणीच बोलत नव्हतं, हे मला फार आवडलं. त्यांच्या मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, एक खुर्ची पुढे ओढली आणि हातात ब्रश दिला. त्या दिवसापासून दर बुधवारी जाते.

पहिले कितीतरी बुधवार एकच आडवी रेघ होती. चिनीत ती 'एक' आहे. ब्रश उभा धरायचा, कोपर टेबलाला टेकवायचं नाही, बोटं हलवायची नाहीत, सगळा हात न्यायचा. उजवीकडे जायचं तर आधी जरासं डावीकडे टेकवून मग निघायचं. माझी रेघ जोंधळ्याच्या अळीसारखी वाकायची. घरी मी गॅरेजात वॉशिंग मशीनवर जुनी वर्तमानपत्रं पसरून रेघा काढायची. कपडे धुऊन व्हायच्या आत कागद काळा व्हायचा.

मास्तर प्रत्येकाचा कागद तपासून लाल शाईने काही अक्षरांभोवती गोल काढत. माझ्या पहिल्याच कागदावर बरेच गोल आले. लाज वाटली. शाळेत गुरुजी चुकलेल्या गणितालाच लाल गोल करायचे. मी घरी येऊन गोलातली प्रत्येक रेघ बदलली. वजन जास्त वाटलं तिथे हलकं केलं, जिथे थांबले होते तिथे सरळ पुढे गेले. पुढच्या बुधवारी गोल कमी झाले, त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी कमी. संदीपला सांगितलं, "आता माझ्या फार चुका होत नाहीत." एकदा कागद एकाही गोलाशिवाय परत आला आणि मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी शिरा केला.

मास्तरांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. शेवटी त्यांनी कमलाला बोलावलं. ती मूळची फिजीची, हिंदी बोलते, हॉलजवळ तिची डेअरी आहे, आपल्याकडच्या किराणा दुकानासारखी. ती त्यांचं इंग्रजी ऐकून मला म्हणाली, "मास्टर पूछे है, तुम अच्छा वाला काहे बिगाड़ देता? लाल गोला मतलब फस्ट क्लास!" आणि खो खो हसत सुटली. मास्तरही हसले. मी पदर तोंडाला लावला. "पूछा काहे नहीं?" कमला म्हणाली. मी ब्रश धुवायला घेतला.

मग मी सगळं उलट शिकले. पुन्हा गोल यायला लागले. भरपूर गोल असलेला एक कागद संदीपने फ्रिजवर लावला आणि प्राजक्ताला म्हणाला, "बघ, आई कशी रमलीय इथे!" मग जेवताना मला म्हणाला, "आई, बार्शीच्या घराला गिऱ्हाईक आलंय. तू आता इथलीच झालीस, देऊन टाकू. तुझी सही तेवढी लागेल."

मी हातातला घास ताटात ठेवला. माझं गप्प राहणंही त्याने, मी लाल गोल वाचले तसं, उलटंच वाचलं होतं तर.

"नको विकूस," मी म्हटलं.

"काय?"

"घर विकू नकोस. मला जायचंय."

प्राजक्ताने वाढणं थांबवलं. संदीपने ताट बाजूला सारलं. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "आणि इराला कोण बघेल?" दोन्ही प्रश्न खरे होते. घर विकायचं नाही, एवढं ठरलं. "इरा जरा मोठी झाली की जाऊ, हं आई." जरा म्हणजे किती, हे विचारायला मी तोंड उघडलं, पण इराने पाणी मागितलं आणि मी उठले.

अजून इथेच आहे. ज्या माझ्यासारख्या आल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिकडे सकाळ होते तेव्हा इथे दुपार असते. सुमन घर झाडायला जाते तेव्हा मला फोन लावते. "बोल की अक्का," म्हणते. मी म्हणते, "बोलायचं नाही. फोन खिडकीत ठेव आणि तू तुझं झाड." मग खराटा ऐकू येतो, भाजीवाली येते, शेजारची पुष्पा सुनेवर ओरडते. शाळा सुटायची वेळ झाली तरी माझ्याने फोन बंद करवत नाही. तसाच स्वेटरच्या खिशात टाकून निघते. शाळेच्या फाटकापर्यंत बार्शी खिशात बोलत असते.

एकदा इराने विचारलं, "हू इज दॅट, आजी?"

मी म्हटलं, "आपलं घर आहे. झाडतायत."