काळी पाच

सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीला टेकवलं की सिस्टरच्या टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ जायची. मग पलंगाची कड धरून ती तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिव्या घालायची. नवऱ्याला वाटायचं, टाचेला घालते. ती बुलबुलला घालायची.

जन्मभर वॉर्डात उभ्याने नोकरी केलेल्या या बाईला निवृत्तीनंतरही सगळे सिस्टरच म्हणत, नवरासुद्धा. टाचेसाठी तिने जाड तळव्याचे, पुढून रुंद, राखाडी बूट घेतले होते. "सिस्टर, तुझ्या होड्या दारातून बाजूला घे, मी बुडेन," असं नवरा म्हणायचा. पण त्या होड्यांच्या जिवावरच ती जिना चढायची आणि बाजारात जाऊन यायची. दिसायला कुरूप, पण पायाला आईसारखे, असं ती त्यांच्याबद्दल सांगायची.

बुलबुल म्हणजे तिची कॉलेजमधली मैत्रीण. गळा खरंच गोड. सिस्टर तिच्या साथीला पायपेटी वाजवायची. दोन्ही पायांनी खालच्या फळ्या दाबत भाता भरायचा आणि हातांनी सूर धरायचे. एका गाण्याला सिस्टरने स्वतः चाल लावली होती. रात्रंदिवस घोळवून, जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवून लावलेली. स्पर्धेच्या दिवशी बुलबुल म्हणाली, "तुझे पाय शिवणयंत्र चालवल्यासारखे हलतात गं, लोक तिकडेच बघतील." पेटी पडद्याआड गेली. गाणं संपल्यावर परीक्षकांनी विचारलं, चाल कुणाची? फळ्यांवर पाय ठेवून सिस्टरने पडद्यामागून उत्तर ऐकलं.

"माझीच."

उद्या खरं सांगेल, असं सिस्टरला वाटलं. तो उद्या काही उगवला नाही. करंडक बुलबुलच्या घरी गेला आणि तेवढ्या एका चालीवर ती जन्मभर 'गुणी कलावंत' म्हणून मिरवली. सिस्टरने एकदाही तोंड उघडलं नाही. तिने डूख धरला आणि तो निगुतीने जपला.

म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याआधी बुलबुलचा फोन आला, "तेच गाणं गं, आणि पेटीला तूच हवीस," तेव्हा सिस्टर इतकी लगेच हो म्हणाली की नवरा चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिला.

तालमीत सिस्टरच्या लक्षात आलं की बुलबुलचा आवाज उतरला आहे. कॉलेजात ती काळी पाच पट्टीत गायची, म्हणजे चांगल्या उंच सुरात. आता काळी तीनच्या वर गेली की घसा खरखरायचा. त्यांनी काळी तीन ठरवली. निघताना बुलबुल म्हणाली, "आणि ते बूट तेवढे घालू नकोस हं. असं करू, पेटीपुढे कुंड्याच ठेवू."

"ठेव की," सिस्टर म्हणाली. घरी येताना ती टाच दुखत असूनही हसत होती.

मेळाव्याच्या दिवशी ती राखाडी बूट घालूनच स्टेजवर चढली आणि कुंड्या तिने स्वतः बाजूला सरकवल्या. बुलबुलने माईकवर सांगितलं, "ही माझी चाल, पण तुम्हा सगळ्यांची लाडकी." टाळ्या झाल्या. सिस्टरने भाता भरला आणि सूर दिला. काळी पाच.

टाळ्यांच्या भरात बुलबुलने मिळेल तो सूर उचलला. धृपद खालच्या अंगाचं, ते निभावलं. शेवटची ओळ जरा वर गेली तशी तिच्या मानेची शीर ताठ झाली. अंतरा तर आणखी वर जाणारा. तिने धृपद पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा. लोकांना वाटलं, रंगात आली.

माईकपासून तोंड वळवून ती कुजबुजली, "खाली घे ना!"

"चाल कुणाची?" सिस्टरने वाजवता वाजवता विचारलं.

"काय?"

"माईकवर सांग."

"वेड लागलंय का तुला?"

"गा मग."

बुलबुल पुन्हा धृपदावर आली. सिस्टरची टाच आता ठणकत होती, कळ पोटरीपर्यंत चढली होती. बूट नसते तर तिने केव्हाच हार मानली असती. आता तिची टाच आधी थकते की बुलबुलचा घसा, एवढाच प्रश्न उरला होता. सिस्टरने दात आवळले आणि फळ्या दाबत राहिली. तिला कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

धृपद आणखी एकदा झालं आणि बुलबुल थांबली. खोकली, पाणी प्यायली. मग माईकला म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. ही चाल माझी नाही. आमच्या पेटीवालीची आहे. तेव्हाही तिचीच होती."

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे वाजवू लागले. बुलबुलने सिस्टरकडे वळून हळूच विचारलं, "झालं समाधान? घे आता खाली."

"खाली घेईन असं मी कुठे म्हटलं होतं?"

तिने पहिला अंतरा काळी पाचमध्येच सुरू केला. बुलबुलला गावंच लागलं. वरच्या सुराशी तिचा आवाज चिरकला आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी कीव आल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. सिस्टरने त्या कान देऊन ऐकल्या. पुरेपूर ऐकल्या.

दुसऱ्या अंतऱ्याआधी मात्र तिने हळूहळू पट्टी काळी तीनवर आणली. बुलबुलने तिच्याकडे असं पाहिलं, जणू मैत्रीण विरघळली. सिस्टर विरघळली वगैरे काही नव्हती. आता चाल कुणाची ते सगळ्यांना कळलं होतं, आणि ती लोकांनी नीट ऐकायला हवी होती.