दूर्वांतून काढून टाकलेला दगडी पाला

ईशान, रमा, तुमच्या आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून माझी पूजा वेळेवर होत होती, पण मन त्यात नव्हतं. देव ऐकतो का, अशी शंका आली की मी दूर्वा अधिकच काळजीने मोजायचे.

श्रावणातल्या संकष्टीला सकाळी आम्ही दोघं घरामागच्या टेकडीवर गेलो. फोन न्यायचा नाही, हा माझाच नियम. मी खुडलेल्या दूर्वा निवडत बसले. तीन पात्यांच्या, बरोबर एकवीस. त्यांत आलेला दगडी पाला, म्हणजे लांब दांड्यावर छोटं पिवळट फूल येणारं ते तण, मी बाजूला टाकत होते. आजोबा म्हणाले, "अगं, सून निवडतानासुद्धा एवढी चिकित्सा केली नव्हतीस."

एवढं बोलून ते उठले आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरले. नडगीला खोल जखम झाली. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असल्यामुळे रक्त थांबेना. माझा रुमाल भिजला. भुरभुर पाऊस होता, त्यामुळे फिरायला आलेलं कोणी दिसत नव्हतं. "गजानना, आता तूच बघ," एवढंच मी म्हणाले. नवस नाही, अट नाही.

हाक ऐकू आल्यासारखी गवत कापणारी एक बाई वर आली. तिने भारा खाली टाकला. "काकू, हात काढा. दगडी पाला तर हितंच हाय, तोडून बी ठेवलाय तुम्ही!"

"अहो, ते तण आहे."

"तण कसलं? विळा लागला की आमची आजी हेच लावायची. केस गळले तर ह्याचंच तेल."

मी टाकलेला पाला तिने आमच्या बाटलीतल्या पाण्याने धुतला, तळहातावर चोळून रस जखमेवर पिळला आणि चोथा वर ठेवून माझी ओढणी घट्ट दाबली. "सोडू नका." हळूहळू रक्त थांबलं. आजोबांना आधार देत तिने आम्हाला रिक्षापर्यंत आणलं. मी नाव विचारेपर्यंत ती भाऱ्याकडे परतलीही होती.

डॉक्टरांनी जखम धुऊन टाके घातले. म्हणाले, "दाबामुळे थांबलं की पाल्यामुळे, सांगता येणार नाही. पुढच्या वेळी स्वच्छ कापड दाबा आणि फोन जवळ ठेवा." मी दोन्ही ऐकलं. वाद घातला नाही. मला इतकंच ठाऊक आहे, की देवासाठी निवडलेलं माझ्या ओंजळीत होतं आणि त्याने दिलं ते मी टाकलेल्या ढिगातून.

निवडलेल्या दूर्वा टेकडीवरच राहिल्या. संध्याकाळी अंगणात मिळाल्या तेवढ्या वाहिल्या.

"एकवीस आहेत ना?" आजोबांनी पलंगावरून विचारलं.

"मोजल्या नाहीत," मी म्हणाले आणि निरांजन लावलं.