चार वाट्यांवरचं घर

शांत, गरीब माणसाला आपल्याकडे ‘अगदी गोगलगाय आहे हो’ म्हणतात. डोंबल! ज्यानं कुणी हे पहिल्यांदा म्हटलं, त्यानं आमच्या कात्रजच्या घरी एक पावसाळा काढायला हवा होता. शंखवाल्या गोगलगाईंचं मी म्हणत नाही, त्या दिसायला तरी बऱ्या असतात. मी म्हणतेय त्या बिनशंखाच्या. बोटाएवढ्या, काळपट, चपट्या, पाठीवर मधोमध एक फिकट रेघ. चुकून हात लागला तर तो चिकटा साबणानं जात नाही आणि नेमका जेवायला बसल्यावर आठवतो. आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी, मागच्या भिंतीपलीकडे ओढा. आषाढ लागला की या मेल्या भिंतीच्या फटींतून निघतात आणि सरळ आमच्या कुत्रीच्या घरात शिरतात.

कुत्रीचं घर मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी. फळ्यांचं, वर पत्रा, पुढे अर्धगोल दार. ते बांधलं आमच्या ह्यांनी. हे आयुष्यभर एका कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि निवृत्त झाल्यापासून घरातल्यांना मेंटेन करतात. कुत्री आणली मुलानं, कॉलेजात असताना, टॉवेलात गुंडाळून. मग त्याला नोकरी लागली आणि तो गेला परदेशी. जाताना म्हणाला, “आई, सेटल झालो की तिला घेऊन जातो.” तो सेटल झाला, लग्न केलं, घर घेतलं. कुत्री इथेच म्हातारी झाली.

ती आली त्याच दिवशी ह्यांनी जाहीर केलं होतं, “कुत्रं पाळा. पण उंबऱ्याच्या बाहेर.” पिल्लूच ते, त्याला काय कळतंय उंबरा? ते पाय आत टाकायचं आणि हे हातातल्या पेपरची लांब घडी करून सटकन आपटायचे. कधी फरशीवर, कधी तिच्या नाकावर. थोड्याच दिवसांत ती शिकली. इतकी शिकली, की मी मागच्या दारात पोळी धरली तर मान लांबवून घ्यायची, पण पंजे बाहेर ते बाहेरच. आल्यागेल्याला हे कौतुकानं दाखवायचे, “बघा, याला म्हणतात शिस्त.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पावसात तरी घ्या हो तिला आत, असं मी दर वर्षी म्हणायची. दर वर्षी एकच उत्तर यायचं, “आज पावसात आत, उद्या सोफ्यावर.”

गेल्या पावसाळ्यात मात्र तिचे मागचे पाय आखडले. उठताना दोनदा प्रयत्न करावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, कोरड्यात ठेवा, ऊब मिळू द्या. या गोगलगाई तिला चाटू देऊ नका, पोटात जंत जाऊ शकतात, हेही त्यांनी बजावलं. कोरड्यात ठेवा! सकाळी मी दूधभात घेऊन गेले, तर ताटलीत दोन, पोत्यावर चार आणि एक तिच्या कानावर. पूर्वी ती नुसती अंग झटकायची. आता झटकायला उभं राहता येत नव्हतं. एक तिनं चाटली होती बहुतेक, तोंडाला फेस आला होता. तिनं दूधभाताकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढचे दोन दिवस बाहेर ठेवलेल्या कुठल्याच अन्नाला तिनं तोंड लावलं नाही.

मी ह्यांना म्हटलं, “बास झालं. आजपासून ती आत झोपणार.”

ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपला प्रश्न गोगलगाईंचा आहे ना? मग गोगलगाईंचा बंदोबस्त करू. कुत्रीला आत घेणं हे त्याचं उत्तर नव्हे.”

झालं! कारखाना सुरू झाला.

आधी कुत्रीच्या घराभोवती मीठ टाकलं. पहिल्या सरीत ते विरघळलं आणि कुत्रीच्या पंजांच्या भेगांत गेलं. बिचारी दिवसभर पाय चाटत बसली. मग रांगोळीचं पोतं आणलं, का तर कोरड्या भुकटीवरून त्यांना सरपटता येत नाही म्हणे. हे ओणवे होऊन घराभोवती हातभर रुंद पांढरी पट्टी ओढत होते. शेजारीणबाई भिंतीवरून डोकावल्या, “काय हो, कुत्रीचं डोहाळजेवण का आज?” मी म्हटलं, “छे, गोगलगाईंचं केळवण आहे. तुम्हीही या.” संध्याकाळी पाऊस आला आणि सगळी रांगोळी मोरीत गेली.

मग मुलानं तिकडून फोनवर अक्कल पाजळली, “बाबा, कॉपर! कॉपरवरून त्या जात नाहीत.” हे लगेच तांबट आळीत जाऊन तांब्याची पट्टी कापून घेऊन आले. घराला खालून चहूबाजूंनी ती ठोकली. खोटं कशाला बोलू, दोन दिवस बरे गेले. पण धुण्याच्या दगडाशी आमचं अळू आहे, सांडपाण्यावर माजलेलं. त्याची पानं टेकली होती कुत्रीच्या घराच्या पत्र्याला. या भवान्या पानांवरून चढल्या, पत्र्यावर उतरल्या आणि तांब्याला न शिवता आत पोचल्या. मी म्हटलं, “अळू उपटा.” हे म्हणाले, “अळू? ऐन श्रावणात?” म्हणजे बघा! ह्यांच्या पानात अळूचं फदफदं पडायला हवं, मग कुत्रीच्या कानावर काही का चढेना. मी त्या दिवशी विळीनं सगळं अळू मुळापासून कापलं आणि दारात नेऊन टाकलं. तो सगळा श्रावण मी फदफदं केलं नाही.

मुलाचा व्हिडिओ कॉल आला. “आई, तू ना जरा चिल कर.” मी म्हटलं, “चिल तुझी कुत्री झालीय, बाहेर चिखलात पडून. येऊन बघ.” त्याला मीटिंग होती.

आणि मग ह्यांना ती महान कल्पना सुचली. दुपारी चहा पिता पिता एकदम मांडीवर थाप मारली. “आमच्या आईचं दुधाचं जाळीचं कपाट आठवतंय? चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंगीची काय बिशाद होती!” दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचे चार पाय आले. घर त्यावर चढवलं, गुडघ्याएवढं उंच. खाली चार वाट्या, त्या तरी कुठल्या? माझ्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, जाड बुडाच्या. त्यात काठोकाठ पाणी. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. दिरांनी लिहिलं, ‘काय डोकं आहे!’ नणंदेनं टाळ्या पाठवल्या. मुलानं लिहिलं, ‘बाबा, जीनियस!’ हे दिवसभर फोन उघडून बघत होते. कुत्रीला उचलून आत ठेवली, ती बसली मुकाट्यानं, आणि काम फत्ते म्हणून आम्ही आत आलो.

सकाळी ह्यांची हाक आली, “अगं, ये, बघ! एकही नाही!” मी गेले. खरंच एकही नव्हती. फळ्या कोरड्या, पोतं स्वच्छ, वाट्यांतलं पाणी स्थिर. असं घर मला नवं लग्न झालं तेव्हा मिळालं असतं तर मी देवाला साखर ठेवली असती.

कुत्री मात्र आत नव्हती.

ती खाली होती. त्या चार वाट्यांच्या मधे, चिखलात, हनुवटी टेकून. लघवीला म्हणून उतरली असणार, उतरली म्हणजे पडलीच असणार, आणि परत चढता आलं नाही. दाराच्या फळीवर नखांचे ओरखडे होते. ज्या जनावराला जमिनीवरून उठवत नाही, त्याला गुडघाभर उंच घर! सगळ्या गोगलगाई तिच्यावर होत्या. पाठीवर, पोटाखाली, कानावर.

“पायरी करून देतो,” हे म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “पायरी? म्हणजे गोगलगाईंनाही पायरी! अहो, तुम्ही घर वाचवलंत, घर! कुणापासून? तिच्यापासून! मीठ टाकलंत, रांगोळी घातलीत, तांबं ठोकलंत, माझ्या वाट्या घेतल्यात. एवढं सगळं केलंत, पण ते दार उघडून ‘आत ये’ म्हणायला तुमची जीभ का झडत होती?” गल्लीला ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

मी सांडशीनं एकेक गोगलगाय काढली. आतून ह्यांचाच अंघोळीचा टॉवेल आणला आणि तिला पुसली. मग मागचं दार सताड उघडलं आणि म्हटलं, “चल गं, आत चल.”

ती खुरडत दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली. मी पट्ट्याला धरून ओढलं. तिनं नखं रोवली आणि अशी थरथरायला लागली की मी पट्टा सोडला. तूप-गूळ लावून पोळी आणली, स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली. उपाशी होती ती. मान लांब केली, नाक हललं. पाय नाही हलला.

हे ओट्याला टेकून उभे होते. माझ्या तोंडापासून वाचायला पुढच्या दारातून पेपर घेऊन आले होते, पण वाचत नव्हते. मी म्हटलं, “तुम्ही बोलवा. तुमची शिकवणूक आहे, माझ्यानं नाही पुसली जात.”

“ये,” हे म्हणाले. बसच्या कंडक्टरसारखं.

“नीट म्हणा.”

घसा खाकरला. “ये गं. ये बाईसाहेब, आत ये.”

शेपूट हललं. तिनं पुढचा एक पंजा उचलला, उंबऱ्यावर टेकवला आणि लगेच मागे घेतला. ती ह्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ह्यांना कळेना. मला कळलं.

“हात बघा तुमचा,” मी म्हटलं.

ह्यांनी खाली पाहिलं. हातात पेपर होता. लांब घडी केलेला, नेहमी धरतात तसा.

ह्यांनी पेपर ओट्यावर ठेवला. मग जमिनीवर बसले, गुडघे धरत, आणि दोन्ही रिकामे हात तिच्यापुढे उघडे धरले. ती बराच वेळ हुंगत राहिली. मग एक पंजा आत आला, मग दुसरा, मग ते आखडलेले मागचे पाय फरफटत. पोळीपर्यंत गेलीच नाही. दाराशीच, कुणाच्या वाटेत येणार नाही एवढ्याशा जागेत ती अंग चोरून पडली. ते बघून मला पुन्हा संताप आला आणि रडूही आलं. हे टॉवेल घेऊन तिचे पाय, मग तोंड पुसायला लागले. पुसताना नाकापाशी हात थांबला, आणि तिथेच राहिला.

माझा राग गेलेला नाही, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये. माझ्या चार वाट्या अजून अंगणात त्या लोखंडी पायांखाली आहेत आणि त्यांवर ते कोरडं ठणठणीत घर उभं आहे. कुत्री स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपते. हे आता पेपर टेबलावर पसरून वाचतात, तिला दिसतील असे दोन्ही हात बाजूला ठेवून. पान उलटायचं असलं की आधी तिच्याकडे बघतात.