टिंग म्हणा, पण एंटर दाबू नका

दुसऱ्याने टाइप केलेलं साफ करायचं काम ज्याने केलंय, त्यालाच कळेल त्यात माणूस कसा पिचतो ते. स्वतः टाइप करणं सोपं असतं. बोटं चालत राहतात, डोकं मोकळं राहतं, रात्रीची भाजी काय करायची तेही ठरवून होतं. पण दुसऱ्याने ओळीओळीला मारलेले एंटर शोधायचे, परिच्छेदांमधल्या रिकाम्या ओळी उडवायच्या, तिथे सगळीकडे सारखं अंतर द्यायचं, म्हणजे खडे असलेले तांदूळ निवडण्यासारखं. आणि तो दुसरा म्हणजे आपलाच नवरा, आणि तोही शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असला तर मग बोलायलाच नको.

आमचे हे टायपिस्ट. लग्नाआधीपासून शहाडच्या एका कंपनीत होते. इंग्रजी आणि मराठी, दोन्ही मशीनवर हात असा की समोरच्याशी बोलता बोलता टाइप करायचे आणि चूक म्हणून सापडायची नाही. ऐंशीच्या सुमाराला मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, तेव्हा घरात धड दोन खुर्च्या नव्हत्या, पण टायपरायटर होता. संध्याकाळी चहा झाला की हे बसायचे. सोसायटीची नोटीस, कोणाचा अर्ज, कोणाच्या मुलाचा बायोडेटा. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची, टिंग, की ह्यांचा डावा हात दांडा ढकलून पुढच्या ओळीवर. पुन्हा टिंग, पुन्हा दांडा. माझं डोकं उठायचं. "अहो, पोर झोपलंय," म्हटलं की म्हणायचे, "त्याला टिंगशिवाय झोप येत नाही गं." आणि खरंच यायची नाही मेल्याला.

मग कंपनी बंद पडली. आधी लॉकआउट, मग युनियनच्या मीटिंगा, मग नुसतीच गेटवरची पाटी. हे घरी बसले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि पेपर दोनदा वाचायचे. कोणी अर्ज टाइप करायला येईनासं झालं होतं, कारण गल्लीगल्लीत कॉम्प्युटर आलेले. आमचं घर चालत होतं, उपाशी काही नव्हतो. पण माणूस आतून वाळत चालला होता. रस्त्यात कोणी "काय, सध्या कुठे?" विचारलं की हे चप्पल बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही.

मी तोवर ठाण्याला कोपरीत कॉम्प्युटरचा क्लास केलेला आणि डोंबिवलीत स्टेशनजवळच्या गल्लीत टायपिंगच्या जॉबवर्कच्या दुकानात लागलेले. मालक तिशीतला, मला काकू म्हणायचा. त्याच्यामागे मी किती दिवस लागले असेन! "अरे, त्यांचा स्पीड बघ. मराठीसाठी टायपरायटरचाच कीबोर्ड आहे ना आपल्याकडे? मग त्यांना नवीन काय शिकायचंय?" शेवटी तो म्हणाला, "बरं काकू, महिनाभर बसू देत काकांना. जमलं तर दुसरी खुर्ची त्यांची." ह्यांना सांगितलं, तर हे उठून बूट पॉलिश करायला बसले.

पहिल्याच दिवशी दुकान बघत राहिलं, इतका वेग. आणि मग मला ऐकू आलं. ओळ संपत आली की हे तोंडाने हळूच म्हणत होते, "टिंग." आणि करंगळी एंटरवर. टिंग, एंटर. टिंग, एंटर. परिच्छेद संपला की दोन एंटर.

कॉम्प्युटरला घंटी नसते, आणि ओळ संपली की तो आपणहून खाली उतरतो, हे मी ह्यांना सांगितलं. मान हलवली. दुसऱ्या ओळीला पुन्हा टिंग. इकडे माझं काम वाढत होतं. एंटर मारला की कॉम्प्युटर समजतो, परिच्छेद संपला. म्हणजे ह्यांच्या एका पानावर जितक्या ओळी तितके परिच्छेद. त्यांना मी अंतर द्यायला गेले की ओळीओळीत खिंडारं पडायची. समास जरा हलवला की अर्धी ओळ इकडे, दोन शब्द तिकडे. आणि त्या सोडलेल्या ओळी! पानाच्या डोक्यावर एखादी येऊन बसली की ते पान शेजारच्या पानापेक्षा खाली घसरलेलं दिसायचं.

टूलबारवर एक बटण होतं, उलट्या पी सारखं. ते दाबलं की जिथे जिथे एंटर मारलाय तिथे ती उलटी पी उमटते. मी ह्यांना दाबून दाखवलं. सगळं पान मुंग्या लागल्यासारखं झालं.

"हे सगळे तुमचे," मी म्हटलं.

"अगं पण ओळ सोडायला नको? सगळं अंगावर येतं वाचणाऱ्याच्या."

"ओळ मी सोडते. एकदाच. सगळ्यांना सारखी. तुम्ही टिंग म्हणा, पण एंटर दाबू नका!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. ह्यांनी प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. रुमालाने करंगळी बांधून पाहिली. शेवटी मीच एक युक्ती केली. सोड्याच्या बाटलीचं बूच डिंकाने एंटरवर चिकटवलं. बोट तिथे गेलं की खरखरीत लागायचं, की हात मागे. दोन दिवस एकही फालतू एंटर नाही. मी खूश. तिसऱ्या दिवशी मान वळवून पाहिलं तर हे कीबोर्डकडे बघून टाइप करत होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात बोटांकडे पाहिलं नाही, तो ओळ संपत आली की थांबत होता, त्या बुचाकडे बघत होता, मग पुढचं अक्षर शोधत होता. क्लासला पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखा. मी नखाने बूच उचकटून काढलं आणि म्हटलं, "मारा तुम्हाला हवे तेवढे. मी आहे निस्तरायला."

तेव्हापासून हे मारायचे, मी निस्तरायची. माझं स्वतःचं काम तसंच पडून राहायचं. दुपारचा डबा मी एका हाताने खायचे आणि दुसऱ्या हाताने डिलीट. घरी जाऊन पोळ्या लाटताना डोळ्यांपुढे त्या उलट्या पी. चिडचिड व्हायची, आणि ह्यांच्यावर ओरडताही यायचं नाही, कारण हे आताशा रस्त्याने मान वर करून चालायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, "डीटीपीला असतो." त्या एका वाक्यासाठी मी डिलीट मारत होते.

महिना संपत आला तेव्हा एका वाचनालयाच्या स्मरणिकेचं काम चालू होतं. सगळं ह्यांनीच टाइप केलेलं, आणि ते माझ्या हातून अजून साफ व्हायचं होतं. दुपारी त्यांचे कार्यवाह आले आणि म्हणाले, समितीने आकार बदललाय, स्मरणिका लहान करायची. मालकाने माझ्याच कॉम्प्युटरवर बसून पानाचा आकार बदलला आणि सगळ्यांसमोर ते दिसलं. एक पूर्ण ओळ, खाली दोनच शब्द, पुन्हा एक पूर्ण ओळ, खाली तीन शब्द. पानामागून पान तसंच. मालकाने बटण दाबलं. मुंग्या.

"काकू, हे काय?"

"संध्याकाळी बघायला या," मी कार्यवाहांना म्हटलं. "होतंय."

कप्पाळ होतंय! एकेक एंटर उडवत बसले असते तर आठवडा गेला असता. पण अडला हरी म्हणतात ना. क्लासमध्ये फाइंड-रिप्लेस शिकवलेलं, एक शब्द शोधून त्याजागी दुसरा टाकायचं. म्हटलं, शब्द बदलतो तर एंटर का नाही बदलणार? मदतीच्या पानावर त्याची खूण सापडली. सगळे एंटर काढून त्याजागी स्पेस टाकली, तर अख्खी स्मरणिका एकच परिच्छेद झाली. अध्यक्षांचं मनोगत आणि दिवंगत सभासदांना श्रद्धांजली एका दमात. घाईघाईने सगळं परत आणलं. मग डोक्यात उजेड पडला. ह्यांनी ओळीला एक एंटर मारलाय, परिच्छेदाला दोन. मग आधी जिथे दोन आहेत तिथे तीन फुल्या टाकायच्या. त्यानंतर उरलेले एकेकटे एंटर उडवायचे. आणि मग फुल्यांच्या जागी एकच एंटर परत. मधे काही वेळ पडद्यावर असं दिसत होतं की अध्यक्षांनी मनोगतात कोणाला तरी सणसणीत शिव्या दिल्यात. मला हसू आलं. हे पण वाकून बघत होते, तेही हसले. किती तरी दिवसांनी हसले.

शेवटी सगळं निवडून परिच्छेदांनंतर सारखं अंतर दिलं. एका कवितेच्या ओळी सरळ एकापुढे एक चिकटून गेल्या होत्या, त्या हाताने तोडल्या. चहा यायच्या आत स्मरणिका बसली. ह्यांचा एकही एंटर ओळीत उरला नाही. मी अगदी जिंकल्यासारखी मालकाला बोलावलं.

त्याने वरखाली करून पाहिलं. "मस्त काकू," म्हणाला. मग आवाज खाली आणला, पण दुकान ते केवढं, ह्यांना ऐकू जाणारच. "पण आज तुम्ही निस्तरलंत. रोज कोण निस्तरणार?"

"मी निस्तरीन," मी ताडकन म्हटलं. "तुझं काय जातं? बायको आहे मी त्यांची."

मला वाटलं, मी किल्ला लढवतेय. आता सगळं सोपं झालं होतं ना, तीन वेळा बटणं दाबायची की साफ. मालकाचाही चेहरा मऊ झालेला. तो हो म्हणणार होता, मला नक्की माहीत आहे.

हे उठले. फाइल सेव्ह केली. खुर्ची टेबलात नीट सरकवली. म्हणाले, "बायकोला निस्तरायला घरात पुष्कळ आहे." आणि बाहेर पडले.

संध्याकाळी मी घरी आले तर टेबल रिकामं. टायपरायटर नाही. जिथे इतकी वर्षं तो बसलेला, तिथे लाकडाचा रंग वेगळा दिसत होता. शेजारीण म्हणाली, मघाशीच ह्यांनी मशीन रिक्षात घालून नेलं. म्हटलं, भंगारात घातलं असणार. ज्या मशीनच्या आवाजाने माझं डोकं उठायचं, त्याच्यासाठी मी भाजी चिरायची सोडून रडत बसले. दिवेलागणीला हे रिकाम्या हाताने आले.

"विकलंत ना?"

"नाही."

"मग?"

"ठेवून आलोय." एवढंच. पुढे विचारलं तर पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. तिसऱ्या दिवशीही. मग एकदा जेवताना आपणहून सांगितलं, कंपनीतला एकजण कल्याणला कोर्टाबाहेर बसून ॲफिडेव्हिट टाइप करतो, त्याने अर्धं टेबल दिलंय. कोर्टाबाहेरसुद्धा एक ना एक दिवस कॉम्प्युटर येऊन बसणार, हे मला कळत होतं. ह्यांनाही कळत असणार. माझ्या शेजारच्या खुर्चीवर दुकानात एक नवीन मुलगी आली. तिला मशीनची सवयच नव्हती. तिचं काही साफ करावं लागायचं नाही. आराम पडायला हवा होता मला, पण मी जास्तच थकल्यासारखी घरी यायचे.

एक दिवस हे डबा विसरले. मी सुट्टी टाकली आणि न सांगता कल्याणला गेले. कोर्टाच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली ओळीने टेबलं होती. ह्यांच्यासमोर एक म्हातारी कोळीण बसलेली, कागदावर नाव चुकलेलं त्याची तक्रार करत. तिचं सांगणं संपता संपत नव्हतं. हे तिच्या तोंडाकडे बघत होते, मान हलवत होते, "हां आजी, मग?" म्हणत होते, आणि बोटं आपली खाली धावत होती. मी डबा धरून खांबाआड उभी राहिले.

घंटी वाजली. टिंग. ह्यांनी दांडा ढकलला. परिच्छेद संपला होता, म्हणून आणखी एकदा ढकलला आणि एक ओळ सोडली. मी नीट पाहिलं. टिंग वाजलं तेव्हा ह्यांचं तोंड मिटलेलं होतं.